गाव गेलं, खंड राहिला

‘गाव कुठलं?’ हा आपल्याकडचा ओळखीचा पहिला प्रश्न. गुलाम म्हणून अटलांटिकपार नेलेल्या आफ्रिकी माणसांच्या नातवंडा-पतवंडांना त्याचं उत्तर देता येत नव्हतं. जहाजावर चढवलं तेव्हा गाव सुटलं, मळ्यावर मालकाने नाव बदललं, पुढच्या पिढ्यांत भाषाही विरली. फान्ते, येवे, योरुबा, इग्बो असे जमातींचे भेद पुसले गेल्यावर सांगायला उरलं ते एका अख्ख्या खंडाचं नाव. ‘आफ्रिका एक आहे’ हा विचार आधी आफ्रिकेबाहेर वाढला, तो मला वाटतं यामुळेच.

या विचाराची पहिली परिषद भरली लंडनला, जुलै 1900 मध्ये. ती बोलावली होती त्रिनिदादच्या हेन्री सिल्व्हेस्टर विल्यम्स या वकिलाने. अमेरिकेहून कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस आले होते. पुढे 1919 मध्ये पॅरिसला त्यांनीच पुढाकार घेऊन परिषद भरवली. या बैठका शिकल्यासवरल्या मंडळींच्या होत्या. ठराव व्हायचे, अर्ज जायचे.

गर्दी जमवली ती जमैकाच्या मार्कस गार्वी यांनी. 1914 मध्ये किंग्स्टनला त्यांनी संघटना काढली, मग न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये बस्तान बसवलं. 1920 च्या अधिवेशनात लाल, काळा आणि हिरवा असा झेंडा ठरला. त्याआधीच ‘ब्लॅक स्टार लाइन’ ही जहाज कंपनी उभी राहिली होती. पाच डॉलरचा एक शेअर, आणि घेणारे फक्त कृष्णवर्णीय. हमाल, मोलकरणी, धोबीकाम करणाऱ्या बायका यांनी पोटाला चिमटा काढून ते घेतले. ज्यांचे पूर्वज जहाजाच्या तळाशी साखळदंडात आले, त्यांच्या मालकीचं जहाज! पण धंदा म्हणून कंपनी कच्ची होती. जुनी, खिळखिळी जहाजं अवाच्या सवा भावाने घेतली गेली आणि 1922 पर्यंत सगळं आटोपलं. टपालातून फसवणूक केल्याच्या आरोपावरून गार्वी तुरुंगात गेले, 1927 मध्ये अमेरिकेने त्यांना हद्दपार केलं. 1940 मध्ये लंडनला ते वारले. आफ्रिकेच्या भूमीवर त्यांचं पाऊल कधीच पडलं नाही. आणि एकीची भाषा बोलणारे डू बॉइस आणि गार्वी हे दोघे एकमेकांना पाण्यात पाहत होते, हेही नोंदवायला हवं.

ऑक्टोबर 1945 ची मँचेस्टरची परिषद वेगळी ठरली. त्रिनिदादचे जॉर्ज पॅडमोर तिचे मुख्य संयोजक होते. कामगार संघटनांचे लोक आले, मुख्य म्हणजे आफ्रिकेतले कार्यकर्ते आले. क्वामे एन्क्रुमा आणि जोमो केन्याटा त्यांत होते. आता अर्ज-विनंत्या नव्हत्या, स्वातंत्र्याची रोखठोक मागणी होती. 77 वर्षांचे डू बॉइस तिथे मानाने बसले होते. पुढच्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी त्यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे न्यावा, असं त्यांच्या मनात होतं.

एन्क्रुमा अमेरिकेत शिकले होते, गार्वींचं लिखाण त्यांनी तिथेच वाचलं. 6 मार्च 1957 रोजी त्यांच्या नेतृत्वाखाली घाना स्वतंत्र झाला, तेव्हा झेंड्याच्या मधोमध काळा तारा होता. देशाच्या जहाज कंपनीला नावही ‘ब्लॅक स्टार लाइन’ हेच मिळालं. बुडालेल्या कंपनीला असा मान क्वचितच मिळतो. पॅडमोर राजधानी आक्राला येऊन एन्क्रुमांचे सल्लागार झाले. 1961 मध्ये 93 वर्षांचे डू बॉइसही आले, आफ्रिकेचा ज्ञानकोश करायला. घानाचं नागरिकत्व घेऊन 27 ऑगस्ट 1963 रोजी ते तिथेच वारले. दुसऱ्या दिवशी नागरी हक्कांसाठीच्या वॉशिंग्टनच्या विराट मोर्चात जमलेल्यांना ती बातमी व्यासपीठावरून कळली.

1966 मध्ये लष्कराने एन्क्रुमांना पदच्युत केलं आणि तो बहर ओसरला.

पुढची गोष्ट अवघड आहे. मोठ्या आशेने घानात उतरलेल्या अमेरिकी कृष्णवर्णीयांना रस्त्यावरची पोरं ‘ओब्रोनी’ म्हणून हाक मारत. गोऱ्याला, परदेशी माणसाला तिथे हाच शब्द. हाक मारणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसे. पण ऐकणाऱ्याच्या काळजात चर्र व्हायचं. यात दोष कुणाला द्यायचा? तिथल्या माणसाला स्वतःचं गाव होतं, बोली होती, कुळ होतं. अख्ख्या खंडाला घर म्हणण्याची गरज त्याला पडलीच नव्हती.

घानाच्या किनाऱ्यावर केप कोस्टच्या किल्ल्यात समुद्राकडे उघडणारं एक दार आहे. गुलाम म्हणून न्यायचे कैदी त्यातून होड्यांत उतरवले जात. त्याला ‘न परतण्याचं दार’ म्हणतात. 1998 मध्ये दोन गुलामांचे अवशेष, एका स्त्रीचे जमैकाहून आणि एका पुरुषाचे अमेरिकेहून, समुद्राच्या बाजूने त्याच दारातून आत आणले गेले. किनाऱ्याकडे चालवत आणलेल्या कैद्यांना जिथे शेवटची आंघोळ घालत, त्या असिन मान्सो गावी ते पुरले. दाराच्या बाहेरच्या अंगाला आता ‘परतीचं दार’ अशी पाटी आहे.

अमेरिकेतल्या व्हर्जिनियात 1619 मध्ये आफ्रिकी बंदिवान उतरवले गेले, त्याला 400 वर्षं झाली म्हणून घानाने 2019 हे ‘परतीचं वर्ष’ पाळलं. त्यात पर्यटनाचा हिशेब होताच. तरी परिषदांच्या ठरावांपेक्षा मला त्या वर्षातली एक सरकारी कृती मोलाची वाटते. नोव्हेंबरमध्ये परदेशस्थ आफ्रिकी वंशाच्या 126 जणांना घानाचं नागरिकत्व दिलं गेलं. नोव्हेंबर 2024 मध्ये आक्राला आणखी 524 जणांनी शपथ घेतली.