‘बरी आहो’च्या पुढे

सकाळी ८. मानेवाडा रोडवरचं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय असो की जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, नागपुरात किमोसाठी गडचिरोली, गोंदिया, बालाघाटहून माणसं येतात. डे-केअरच्या सिस्टर आधी रक्ताचे रिपोर्ट बघतात. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी १५०० च्या खाली असल्या, तर फाइल डॉक्टरांकडे.

९. वजन, ताप, बीपी. स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताला पट्टा नाही, सुईही नाही. “कसं वाटतं, मावशी?” “बरी आहो.” डोस रद्द झाला तर मजुरीही बुडते आणि गाडीभाडंही, म्हणून बाया त्रास लपवतात. मग सिस्टर प्रश्न बदलतात. ब्लाउजचे हूक लागतात का? चप्पल पायातून निसटली तर कळतं का? पॅक्लिटॅक्सेल या किमोच्या औषधाने नसा बधिर होतात, ते इथे उघड होतं. ट्रास्टुझुमॅबवाल्यांना विचारायचं: चढताना धाप लागते? झोपताना जास्त उशी लागते? या औषधाने हृदय कमजोर होऊ शकतं; दर तीन महिन्यांनी इको त्यासाठीच.

१०. ॲड्रियामायसिन, लाल औषध. शिरेबाहेर झिरपलं तर मांस जाळतं. सिस्टर हळूहळू सोडतात, मधूनमधून रक्त परत येतं का बघतात. “झोंबलं की लगेच सांगा. एक-दोन दिवस लघवी लाल होईल, घाबरू नका.”

११.३०. पॅक्लिटॅक्सेलचा पहिला डोस. ॲलर्जीची इंजेक्शनं आधीच दिलेली. रिॲक्शन बहुधा पहिल्या दहा मिनिटांतच येते, म्हणून सिस्टर खाटेपासून हलत नाहीत. मावशीचा चेहरा लाल होतो. “छाती भरून येऊन राहिली वो!” औषध बंद, सलाइन सुरू, ऑक्सिजन, डॉक्टरांना हाक. पुन्हा लावायचं की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

४. सुट्टी. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, म्हणून तेव्हाचा ताप धोक्याचा. मे महिन्यात अंग तापलं की घरचे म्हणतात, ऊन लागलं. कांद्याचा रस चोळतात, पन्हं पाजतात. सिस्टर नातेवाइकांकडून वदवून घेतात: १००.४ फॅरेनहाइट ताप म्हणजे त्याच रात्री दवाखाना. मनाने पॅरासिटामॉल द्यायची नाही, ताप झाकला जातो. दारातच सांगायचं, “किमो चालू आहे.”

५. मागच्या आठवड्यात डोस झालेल्यांना फोन. “ताप नाही ना?” “नाही, बरी आहो.” “थर्मामीटर लावला?” “मंग लावतो.” “आत्ता लावा, मी थांबते.” आकडा वहीत लिहिल्यावरच पुढचा नंबर.