मिसल, पंजी आणि बुटीबोरीचा अर्जनवीस

सकाळी साडेसात

एमआयडीसीतली रात्रपाळी सुटली की चौकातल्या तर्रीपोह्यांच्या ठेल्यावर गर्दी उसळते. बिहारची, उत्तर प्रदेशची, चंद्रपूरकडची पोरं डोळे चोळत प्लेट धरून उभी असतात. मीही तिथंच नाश्ता करतो, कारण माझं अर्धं गिऱ्हाईक तिथंच भेटतं. आज एकानं प्लेट हातात असतानाच विचारलं, "काकाजी, आजाचं नाव निंगते काय, पाहून द्या न. कॉलेजवाले व्हॅलिडिटी मागून राह्यले."

"कागद आणला?"

"घरी हाय."

"मग पोहे खा आन् घरी जाऊन कागद आण."

मी अर्जनवीस आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं आणि वंशावळ हे रोजचं काम. त्यात मोडी वाचता येते, म्हणून जुने कागद पिशवीत घालून लोक लांबून येतात.

साडेनऊ

दुकान म्हणजे एक टेबल, प्रिंटर, भिंग आणि पंखा. पोरगा कागद घेऊन हजर होता. कोतवाल पंजीची नक्कल, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदीची. त्याला इतर मागासवर्गाचा दाखला पडताळून हवा, म्हणजे १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातीला तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१. या तीन तारखा मला पाढ्यासारख्या पाठ आहेत.

नक्कल १९१८ च्या पावसाळ्यानंतरची होती. मोडीत लिहिणारा हात उचलत नाही, त्यामुळे पानभर एकच शब्द खाली खाली घसरत गेलेला दिसत होता: ताप, ताप, ताप. ते इन्फ्लुएंझाचं साल. हिंदुस्थानात मध्य प्रांताला त्याचा तडाखा सर्वांत जास्त बसला. पोराच्या पणज्याची बहीण त्याच पानावर होती. वय, बापाचं नाव आणि पुढं जात: कुणबी. काम झालं. पोराचा चेहरा खुलला. मरणाच्या नोंदीवरून आनंद होणारी माणसं मी रोज पाहतो, आता त्याचं नवल वाटत नाही.

नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ही नोंद सांगणारा कोतवाल बहुतेक गावांत महार समाजाचा असे. त्याला लिहिता येत नसे. तो पंजी काखेत मारून ठाण्यावर जाई, कोण जन्मलं, कोण मेलं, कशानं मेलं, कोणत्या जातीचं, ते तोंडानं सांगे आणि मुन्शी उतरवून घेई. ज्याला गावात कुणी ओट्यावर चढू देत नव्हतं, त्याच्या शब्दावर आज कुणबी, तेली, माळी सगळ्यांची जात शाबीत होते. जात पडताळणी समितीपुढं साक्ष द्यायला तो उभा नसतो, पण साक्ष त्याचीच असते. इंग्रजांना काही न्याय करायचा नव्हता. त्यांना मोजदाद हवी होती आणि मोजदादीला गावात फिरणारा माणूस हवा होता.

साडेअकरा

दोन चुलतभाऊ आले, एकमेकांशी न बोलता एकाच बाकावर बसले. वाद शेताचा. पुढ्यात १९१० च्या दशकातल्या जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताची मिसल, म्हणजे त्या नोंदींची फाइल.

मिसल वाचायची तर आधी मालगुजारी कळायला हवी. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले, डलहौसीनं दत्तक नाकारला आणि १८५४ साली नागपूरचं राज्य खालसा झालं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. पुढच्या बंदोबस्तात सरकारनं गावोगावच्या मालगुजारांना, म्हणजे वसूल गोळा करणाऱ्यांना, गावाचे मालकच करून टाकलं. काल जो वसूल करून भरत होता, तो आज गाव विकू शकत होता, गहाण ठेवू शकत होता. गावाचे आणे पडले: कुणाचे सोळा, कुणाचे चार. मालगुजाराच्या घरच्या जमिनीला सीर आणि खुदकास्त म्हणत, खाली मौरुसी कूळ, त्याच्याखाली शिकमी, आणि सगळ्यांच्या खाली ज्याचं नाव मिसलीत लिहायचं कारणच नव्हतं तो सालदार.

या भावांचा पणजा मौरुसी होता. दोघांनाही वाटत होतं, तो मालिक मकबूजा, म्हणजे आपल्या तुकड्याचा मालक, असेल.

"मंग आमचा पणजा मालक नव्हता?" मोठा म्हणाला.

"कसणारा होता. बेदखल करता येत नव्हता, एवढं पक्कं."

मालगुजारी ३१ मार्च १९५१ ला गेली. पण सीर आणि खुदकास्त मालगुजारांकडंच राहिली आणि ती चांगली, विहिरीजवळची होती. गावाला निस्ताराचे हक्क लिहून मिळाले: चराई, सरपण, वाट. पुढं कारखान्यांसाठी जमिनी गेल्या तेव्हा मोबदल्याचे चेक याच जुन्या रकान्यांच्या मागून चालत आले. बुटीबोरीत तर नावातच मालगुजार बसलेत. कुणालाही विचारा, बुट्यांची बोरी म्हणून बुटीबोरी असंच सांगेल. शिरडीचं समाधिमंदिर ज्या वाड्यात आहे तो बांधणारे गोपाळराव बुटी याच नागपूरच्या घराण्यातले.

दुपारी दोन

डबा. भाकर, वांग्याची भाजी, ठेचा.

जेवताना एक विचार हटकून येतो. नागपूरचे भोसले १८५४ ला गेले, आणि पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, तंजावरच्या भोसल्यांचीही गादी संपली. पण तिकडं मद्रास इलाख्यात थॉमस मन्रोची रयतवारी होती, शेतकऱ्याचं नाव सरळ सरकारदप्तरी. तरी तंजावरच्या भातखाचरांत मिरासदार वरचढ राहिला आणि चिखलात राबणारा तमिळ दलित सिलोनच्या मळ्यांवर, मलायाच्या रबराकडं बोटीनं गेला. पद्धत दुसरी, रकाने दुसरे, पण खालच्या माणसाला गाव सोडावंच लागलं. आपल्याकडच्याला नागपूर जवळ होतं, बोट लागली नाही इतकंच.

साडेतीन

दुपारी काम थंड असतं. एक कापूसवाला भाव सांगत बसतो आणि मग शिव्या देतो.

त्याला मी अमेरिकेच्या लढाईची गोष्ट सांगितली. १८६१ ते ६५, तिकडं यादवी पेटली, मँचेस्टरला कापूस मिळेना आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेजारच्या हिंगणघाटचा कापूस तर विलायतेत नावानं ओळखला जाई. तोवर इथला माल बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरला जायचा. आगगाडी नागपूरला पोचली १८६७ मध्ये, आपल्या बुटीबोरीवरून. तोवर तेजी ओसरली होती, कर्ज मात्र राहिलं होतं.

"म्हणजे तवाही असंच?"

असंच. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. गिरणीचं सूत स्वस्त झालं, घराघरातले चरखे बसले. उमरेडच्या कोष्ट्यांनी तेच सूत घेऊन हातमाग चालू ठेवला. जाडंभरडं विणणाऱ्या महार विणकरांचं गिऱ्हाईक गिरणीनंच उचललं. त्यांतले कितीतरी मग त्याच गिरणीत, रेल्वेत कामाला लागले. तिथं पगार महिन्याला, नगदी, आणि पाटलाच्या खळ्यावर हात पसरायचा नाही. नागपुरात महार समाजाच्या शाळा, सभा, वर्तमानपत्रं उभी राहिली त्यांना या नगदी पगाराचा मोठा टेकू होता असं माझं मत आहे. मिल २००२ साली बंद पडली. आज या कापसाच्या पट्ट्यात, इथंच बुटीबोरीत, इंडोरामाचा कारखाना पॉलिस्टर काढतो. कापूसवाल्यानं अंगातला शर्ट चिमटीत धरून पाहिला आणि हसला.

साडेपाच

बंद करायच्या वेळी एक बाई आल्या, सोबत बारावीतली मुलगी. दाखला अनुसूचित जातीचा, घराणं पिढ्यान्‌पिढ्या सालदाराचं. १९५० पूर्वीचा कागद एकही नाही. शेत नव्हतं, म्हणून मिसलीत नाव नाही. शाळेत गेलेलं कुणी नाही, म्हणून दाखलखारीजमध्ये नाही.

"घरात कोण कधी वारलं, आठवते का बाई?"

"आमची बुढी सांगे, तिच्या सासऱ्याले साप चावला. गांधीबाबा मेले त्याच्या आंधी, दिवाळीच्या सुमारास."

म्हणजे १९४७ ची दिवाळी. गाव, ठाणं आणि महिना एवढं हाती आलं तर पंजीत शोधता येतं. अर्ज लिहून दिला, नकलेसाठी तिकीट चिकटवलं.

"बाई, उद्या साडेदहाच्या आत तहसीलच्या अभिलेख कक्षात जा. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर, दोन्ही महिन्यांची पानं मागा. एकाच महिन्याचं दिलं तर परत पाठवा. आन् पोरीलाही सोबत न्या, वाचायला."