मोहाला मुरू दिलेच नाही

इटलीतल्या तोस्काना प्रांतात मोंतालचिनो नावाचे डोंगरावरचे गाव आहे. तिथे ‘ब्रुनेल्लो’ ही लाल वाइन होते, निव्वळ सांजोवेझे जातीच्या द्राक्षांची. २०१९ साली तोडलेल्या द्राक्षांची ब्रुनेल्लो १ जानेवारी २०२४च्या आधी विकणे हा तिथे गुन्हा होता. निदान दोन वर्षे लाकडी पिंपात, मग काही महिने बाटलीत, आणि ‘रिझेर्वा’ म्हणून विकायची असेल तर आणखी एक वर्ष थांबायचे. उत्तरेकडच्या बारोलोला ३८ महिने लागतात, त्यातले १८ लाकडात. उत्पादकाला पैशांची कितीही निकड असो, कायदा म्हणतो, थांब.

भंडारा जिल्ह्यात कोका अभयारण्याच्या कडेच्या किंवा तुमसरच्या उत्तरेकडच्या जंगलपट्ट्यात मोहफुले आंबवून केलेला सडवा उन्हाळ्यात आठवड्याभरात तयार होतो. भट्टी लागते रात्री आणि उजाडायच्या आत विझते. गाळलेला माल त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपतो. इथेही कायदा आहेच. पण तो म्हणतो, लपव आणि उरक.

मद्य मुरण्यासाठी लाकूड, थंडावा आणि पैसा लागतो हे सगळेच सांगतात. त्याआधी एक गोष्ट लागते: वस्तू उघड्यावर, आपल्या नावाने, काही वर्षे ठेवण्याची मुभा. मोहाच्या दारूचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा मागोवा घेतला तर ही मुभा तिला कधी मिळालीच नाही असे दिसते.

कच्च्या मालात मोह कुठेही कमी नाही. फाल्गुन-चैत्रात झाडाची पाने झडतात आणि पहाटेपासून मांसल, पिवळसर पांढरी फुले टपटपू लागतात. बायामाणसे टोपल्या घेऊन उजाडताच झाडाखाली हजर असतात. (फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवायची रीत आहे. त्यातून वणवे लागतात, आणि वन विभाग दर उन्हाळ्यात तेच आवाहन पुन्हा करतो.) अंगणात वाळली की फुले मनुक्यांसारखी तपकिरी, चिकट होतात. वाइनच्या द्राक्षात तोडणीच्या वेळी साखर असते साधारण २० ते २५ टक्के. वाळलेल्या मोहफुलात वजनाच्या निम्म्याच्या आसपास साखरच असते. टोळीचे म्हणजे मोहाच्या बियांचे तेल, दुष्काळातले अन्न, गुरांचा चारा, देवाला वाहायची धार हे सगळे याच झाडाचे. गोंड समाजात जन्म, लग्न, मरण यांतले कोणतेही कार्य मोहाच्या धारेशिवाय पुरे होत नसे.

चव घेण्याची रीतही इथे आहे, फक्त तिला पुस्तक नाही. भट्टीतून आधी उतरते ती ‘पहिल्या धारेची’, सगळ्यांत तेज. तिची परीक्षा जाळून होते. थोडी दारू विस्तवावर टाकायची आणि निळी ज्योत कशी उठते ते पाहायचे. नाकाला आधी फुलाचा गोडसर, काहीसा जड वास येतो, मग धुराचा. जिभेवर गोडी क्षणभर टिकते आणि लगेच घसा पकडला जातो. जाणकार पिणारा वासावरून सांगू शकतो की फुले नीट वाळलेली होती की बुरशी धरलेली, आणि सडव्यात नवसागर किती ढकलला आहे.

ब्रुनेल्लो चाखणारा आधी पेला तिरपा धरून रंग पाहतो. कोवळी असताना माणकासारखी लाल दिसणारी ही वाइन पंधरा-वीस वर्षांत कडेने विटकरी होत जाते. आंबट चेरीचा ताजा वास मागे पडतो. वाळलेला पाला, तंबाखू, चामडे असे वास पुढे येतात. तरुणपणी हिरड्यांना आवळणारा तुरटपणा सौम्य होतो, कारण तुरट कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि त्यातले काही गाळ होऊन तळाशी बसतात. मोंतालचिनोत बिओंदी-सांती घराण्याने १८८८ सालच्या बाटल्या जपल्या. त्यांच्या १९५५च्या रिझेर्वाला ‘वाइन स्पेक्टेटर’ने १९९९मध्ये शतकातल्या बारा उत्कृष्ट वाइनमध्ये बसवले. अर्थात प्रत्येक इटालियन लाल वाइन अशी टिकत नाही. बहुतेक बाटल्या दोन-चार वर्षांत पिऊन टाकायच्याच असतात.

मोह आणि ब्रुनेल्लो यांत एक फरक मात्र विसरून चालणार नाही. वाइन बाटलीतही बदलत राहते. गाळलेले मद्य काचेत किंवा प्लास्टिकच्या कॅनमध्ये वीस वर्षे ठेवले तरी जवळपास तसेच राहते. ते बदलते लाकडात. पिंपातून हवा झिरपते, उग्रपणा मावळतो आणि लाकडाचा वास व रंग मद्यात उतरतो. तेव्हा मोहाची दारू मुरवायची तर लाकडी पिंपे हवीत, कोठी हवी आणि कोठीला कुलूप लावणारा परवानाधारक हवा.

भंडाऱ्याचा मे महिना ४५ अंशांवर जातो, तिथे काय मुरणार, असे कोणी म्हणेल. उष्णतेत पिंपातले मद्य भराभर उडते हे खरे. स्कॉटलंडमध्ये वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास घट होते, बंगळूरमध्ये दहा टक्क्यांच्या घरात. पण त्याच बंगळूरच्या ‘अमृत’ने ही घट सोसून अशी सिंगल माल्ट केली की जिम मरे या समीक्षकाने २०१०च्या आपल्या ग्रंथात ‘अमृत फ्यूजन’ला जगात तिसरा क्रमांक दिला. उष्ण हवेत मद्य लवकर प्रौढ होते, एवढाच त्याचा अर्थ.

मग अडले कुठे? १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्यांना आळा घालून गाळप सरकारच्या नजरेखाली आणायला सुरुवात केली. उरणला मोठ्या भट्ट्या होत्या, बहुतेक पारशी मालकीच्या, आणि त्यांचा कच्चा माल मोहच. १८९२मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा झाला आणि दारूबरोबर फूलही बंधनात आले. झाडावरून पडलेले फूल उचलून घरी ठेवणे संशयास्पद ठरावे, ही कल्पनाच अजब. सरकारी महसुलाच्या हिशेबात मात्र ती चपखल बसत होती.

भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि तिथला कारभार वेगळा. १९१५च्या मध्य प्रांत अबकारी कायद्याने लिलाव, ठेका आणि सरकारमान्य गुत्ता ही पद्धत पक्की केली. कलार समाजाचा परंपरेचा धंदा ठेकेदारीत बांधला गेला. कच्चा माल मुख्यतः मोहच राहिला. ठेकेदाराला मात्र पुढच्या लिलावात दुकान आपल्याकडे राहील याची खात्री नसे, त्यामुळे माल लवकर विकण्यातच त्याचे हित होते. दहा वर्षांनी उघडायचे पिंप कोणासाठी भरून ठेवायचे?

याच काळात मोहफुलाने सरकारची एक वेगळीच चाकरी केली. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी अ‍ॅसिटोन हवे होते. मोहफुले आंबवून ते काढण्यावर बंगळूरच्या विज्ञान संस्थेत काम झाले आणि कारखाना उभा राहिला नाशिकला. आज ज्या शहराला वाइनची राजधानी म्हणतात, तिथे द्राक्षाच्या कितीतरी आधी मोह आंबत होता. नाशिकच्या वाइनसहलींत हा तपशील सांगितला जायला हवा.

१९५६ साली भंडारा मुंबई राज्यात आला आणि १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा पुढे विदर्भालाही लागू झाला. फुले साठवणे, नेणे, विकणे यांवर निर्बंध आले. हातभट्टी हा गुन्हा ठरला आणि गुन्ह्याचे तंत्र भट्टीत शिरले. सडव्याचे ड्रम नाल्याकाठी पुरले जाऊ लागले. आंबण्याची घाई म्हणून काळा गूळ आणि नवसागर आला. दोनदा गाळायला, पहिला उतार वेगळा काढून टाकायला, फुले निवडायला वेळ कोणाकडे होता? पोलीस कधीही येणार. ‘मोहाचा सडवा नष्ट’ ही बातमी भंडारा-गोंदियाच्या स्थानिक पानांवर इतकी नेहमीची झाली की वाचक लिटरचा आकडाही वाचत नाही. दारू वाईट म्हणून कायदा कडक झाला आणि कायद्याच्या धाकाने दारू आणखी वाईट झाली. दरम्यान गुत्त्यावर अधिकृतपणे विकली जाऊ लागली साखर कारखान्याच्या मळीची देशी.

द्राक्षाचे नशीब वेगळे निघाले. १९८०च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी नारायणगावला फसफसती वाइन केली. २००० साली राजीव सामंत यांच्या ‘सुला’च्या पहिल्या बाटल्या नाशिकमधून बाहेर पडल्या. त्याच सुमारास, २००१मध्ये, राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले. वाइनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क ठरले. अकलूजला मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू एकत्र येऊन ‘फ्रातेल्ली’ उभी राहिली. तोस्कानाचे पिएरो मासी वाइनमेकर म्हणून आले आणि ब्रुनेल्लोची तीच सांजोवेझे माळशिरस तालुक्यात रुजली. त्यांची ‘सेत्ते’ ही वाइन सांजोवेझे आणि काबर्ने सोविन्यों यांच्या मिश्रणाची, फ्रेंच ओकच्या पिंपात वर्षाहून अधिक ठेवलेली. २००९च्या हंगामापासून ती होते आहे. सोलापूर जिल्ह्यातही ऊन काही कमी नाही. तिथे कोठी गार ठेवता आली, कारण कोठी बांधायला बँक कर्ज देते आणि दारावर छापा पडत नाही.

यावर भंडाऱ्यातल्या बायका एक प्रश्न विचारतील, आणि तो रास्त आहे: गावात दारू सोपी करून आमचे काय भले होणार? विदर्भाने दारूचे दुष्परिणाम सोसले आहेत. वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे दारूबंदीत आहेत. चंद्रपुरात २०१५ला बंदी आली आणि २०२१ला उठली. राज्याच्या नियमात महिलांना मतदान करून गावातले दुकान बंद पाडता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी जिंकली तर दुकान बंद. गंमत अशी की मोंतालचिनोच्या तळघरातही जपायची बाटली आडवीच ठेवतात, बूच ओले राहावे म्हणून. दोन्हीकडे आडवी बाटली म्हणजे ‘आज प्यायची नाही’. मुरवलेल्या, महाग, मोजक्या मद्याची बाजारपेठ गावातल्या पिणाऱ्याची नसतेच. हातभट्टीविरुद्ध उभ्या राहिलेल्या बायकांशी तिचे भांडण असायचे कारण नाही.

गेल्या काही वर्षांत हालचाल झाली आहे. २०२०मध्ये केंद्राने वाळलेल्या मोहफुलांचा हमीभाव किलोला १७ रुपयांवरून ३० केला. २०२१मध्ये महाराष्ट्राने फुले गोळा करणे, साठवणे आणि नेणे यांवरचे निर्बंध उठवले. २०२२मध्ये मोहफुले आणि काजूबोंडे यांच्यापासूनच्या मद्याला राज्याने ‘विदेशी मद्य’ हा दर्जा दिला. गोंडांच्या देवाला वाहिली जाणारी धार सरकारी दप्तरात विदेशी झाली! हसू येते, पण या वर्गात गेल्यानेच चांगल्या बाटलीत, चांगल्या दुकानात विकण्याची वाट मोकळी झाली.

ती वाट आतापर्यंत इतरांनीच धरली. मद्यनिर्माते डेस्मंड नाझरेथ यांनी २०१८मध्ये गोव्याच्या बाजारात मोहाचे मद्य आणले. डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीने ‘सिक्स ब्रदर्स महुरा’ काढली; तिच्या मागे मोह गाळणाऱ्या पारशी कुटुंबाची जुनी परंपरा आहे. मध्य प्रदेशाने मोहाला वारसा मद्य ठरवून आदिवासी बचतगटांना परवाने दिले. अलीराजपूरची ‘मोंड’ आणि डिंडोरीची ‘मोहुलो’ त्यातून आल्या. एक दिंडोरी आपल्या नाशिकमध्ये द्राक्षाच्या वाइनसाठी नावाजलेली, जवळपास त्याच नावाचा मध्य प्रदेशातला हा जिल्हा मोहासाठी. तुमसरहून बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेशचा बालाघाट लागतो. झाड दोन्ही तीरांवर तेच आहे.

भंडाऱ्यात आज मोहाचे लाडू आणि सरबत करणारे बचतगट आहेत, आणि फुले व्यापाऱ्याला विकणारी हजारो कुटुंबे. याच बचतगटांपैकी एखाद्याला राज्याने पहिला परवाना द्यावा. फुले निवडून घेणारे एक केंद्र, दोनदा गाळणारी तांब्याची भट्टी, मद्य तपासायला नागपूरची प्रयोगशाळा आणि थंड कोठीत दहा-वीस लाकडी पिंपे एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. विक्री गावात नको, नागपूर-मुंबईत हवी. गावातल्या बायकांचा आडव्या बाटलीचा हक्कही जसाच्या तसा राहावा. आणि पहिली पाच वर्षे त्या गटाकडे महसूल मागायला कोणी जाऊ नये. द्राक्षाला २००१ साली अशी सवलत मिळाली होती, मोहाला ती मागण्याचा पुरता अधिकार आहे.