आजोबांचा वस्तरा पाजळताना

वाटणीत कुणाला शेत मिळतं, कुणाला तांब्या-पितळेची भांडी, आणि एखाद्या नातवाच्या हाती येतो गंजलेला वस्तरा. भंगारात घालू नका! नीट निगुतीनं हाताळलात तर ते शंभर वर्षांचं पातं आजही गाल गुळगुळीत करून देईल.

आधी भिंग घ्या. पात्याच्या मुळाशी, मुठीला जिथं खिळा असतो तिथं, कारखान्याचा शिक्का सापडेल. त्यात ‘जर्मनी’ किंवा ‘इंग्लंड’ असं देशाचं नाव असेल, तर वस्तरा बहुधा १८९१ नंतरचा. अमेरिकेनं मॅकिन्ली कायदा करून परदेशी मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, म्हणून तिथं माल धाडणारे कारखाने ते ठोकू लागले. म्हणजे आजोबांच्या वस्तऱ्याचं वय सांगतो अमेरिकेचा जकात कायदा! मुकुटाशेजारी ‘डब्ल्यू आर’ दिसलं तर मात्र घबाड लागलं म्हणा. ती चौथ्या विल्यम राजाची खूण आणि त्याची कारकीर्द १८३० ते १८३७ एवढीच. ‘व्ही आर’ म्हणजे राणी व्हिक्टोरिया. तिनं १९०१ पर्यंत राज्य केलं, त्यामुळे तो शिक्का तितका दुर्मीळ नाही.

‘झोलिंगेन’ असं कोरलेलं असेल तर पातं जर्मनीतल्या त्या गावचं. या नावाला १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे. दुसरीकडे घडवलेल्या पात्यावर ते घालता येत नाही. ‘शेफील्ड’ असेल तर इंग्लंड. तिथं १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीला घड्याळाच्या स्प्रिंगांसाठी चांगलं पोलाद मिळेना, म्हणून त्यानं मुशीत वितळवून स्वतःच बनवलं. जुन्या वस्तऱ्यांवर ‘कास्ट स्टील’ असं अभिमानानं लिहिलेलं असतं, ते या घड्याळजीच्या कृपेनं.

आता गंज. इथं उत्साही माणसं घात करतात. चिंच किंवा लिंबू पितळेच्या भांड्यांना ठीक. वस्तऱ्याच्या पोलादाला आंबट लागलं की ते काळवंडतं आणि कोरलं जातं. ग्राइंडरवर धरण्याचा विचारही नको. पोलादाला दिलेलं पाणी साधारण दोनशे अंशांच्या पुढे उतरू लागतं, आणि वस्तऱ्याची कड इतकी पातळ की ती क्षणात तापते. मग धार लावा नाहीतर नवस करा, ती टिकत नाही. बारीक पॉलिश पेपर, दोन हजार नंबरचा, पाण्यात भिजवून हलक्या हातानं फिरवा, वर धातूचं पॉलिश. काळे डाग राहिले तर राहू द्या. आरशासारखा चकचकीत केलेला जुना वस्तरा मला नेहमी केस काळे केलेल्या म्हाताऱ्यासारखा वाटतो. शिवाय घासण्याच्या भरात शिक्का पुसला गेला, तर वर सांगितलेला सगळा इतिहासही गेला.

मूठ कासवाच्या पाठीची किंवा हस्तिदंताची वाटतेय? हुरळू नका. पुष्कळदा ते सेल्युलॉइड असतं. अंगठ्यानं जोरात चोळून वास घ्या. कापराचा आला तर खात्री पटली, कारण सेल्युलॉइडमध्ये कापूरच असतो. जुनं झालं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि मूठच आपल्या पात्याला गंजवते. घरचा भेदी! अशी मूठ विस्तवाजवळ नेऊ नका, भसकन पेटते. आणि खरोखरच हस्तिदंत निघालं तरी विकायला काढू नका. आपल्याकडे त्याच्या व्यापाराला बंदी आहे.

धार लावायचा कोन कोणता? तो कारागिरानं वस्तऱ्यातच बसवून ठेवलाय. दगडावर पातं अगदी आडवं ठेवायचं, पाठ आणि कड दोन्ही टेकवून. आपोआप सोळा-सतरा अंशांच्या आसपास कोन मिळतो. पुढची गंमत म्हणजे घासताना पाठही झिजते आणि कडही, त्यामुळे वर्षानुवर्षं कोन जवळपास तोच राहतो. म्हणून पाठ उचलून धार लावली की सगळं गणित बिघडलं. आधी हजार नंबरचा दगड, मग चार, आठ, जमल्यास बारा हजार. शेवटी चामड्याचा पट्टा, तिथं मात्र पाठ पुढे आणि धार मागे. उलट केलंत तर पट्टाच कापला जाईल.

एवढी मेहनत केसांसाठी? एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर आपल्याहून पन्नासपट कठीण असलेल्या ब्लेडच्या कडेचा टवका केस उडवत होता. केस वाकला आणि पोलादात जरा कच्ची जागा सापडली की बस्स! दाढी आधी गरम पाण्यानं भिजवायची ती यासाठीही.

हा सगळा पसारा जिनं अडगळीत टाकला, त्या जिलेट कंपनीनं १९०३ मध्ये विकले होते अवघे ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं. पुढच्याच वर्षी रेझर नव्वद हजारांवर गेले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यानं पस्तीस लाख रेझर उचलले आणि शिपाई ती सवय घेऊनच घरी परतले. आपल्याकडे सलूनमधून जुना वस्तरा हटला तो रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या धास्तीनं. आता ब्लेडचं अर्धं पान मोडून घालतात, गिऱ्हाइकागणिक नवं.

जाता जाता एक नोंद, कारण ती गमतीच्या यादीत मावत नाही. १८९० मध्ये मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही, असं तिथं ठरलं. धारदार हत्यार खाली ठेवून केलेला असा संप दुसरा आठवत नाही.

तर, वस्तरा तयार झाला की वापरल्यावर दर वेळी कोरडा पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं. प्रवासात विमानाच्या केबिन बॅगेत ठेवू नका. दुसऱ्याला वापरायला देऊ नका, सख्ख्या भावालाही नाही. आणि सुरुवातीला फक्त गालांवर चालवा. हनुवटी आणि गळा हात बसल्यावर.