हात बसला, पण अंदाज बसला का?

उडदाचे शंभर पापड लाटून झाले की "सगळे अगदी एकसारखे झालेत हो!" असं आपण खुशाल म्हणून टाकतो. मैत्रिणींनो, पहिला पापड आणि शंभरावा पापड शेजारीशेजारी ठेवून कधी पाहिलेत? यंदाच्या वाळवणात पाहाच.

एकच काम पुन्हापुन्हा केलं की ते आपोआप सुधारतं, अशी आपली ठाम समजूत. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग वेगळंच सांगतो. लोकांना डोळे मिटून ठरावीक लांबीच्या रेघा काढायला सांगितल्या, थोड्याथोडक्या नव्हे, हजारो! रेघ जमली की चुकली, हे मात्र कुणी सांगायचं नाही. एवढ्या सरावानंतरही सुधारणा काही नाही. हेच काम "बरोबर", "चूक" एवढंच सांगत करवून घेतलं, तेव्हा मात्र हात सुधारला.

तांदूळ निवडण्याची गत आणखी निराळी. खडा क्वचितच सापडतो, म्हणूनच तो निसटतो. केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ यांनी रडारवर नजर ठेवणाऱ्यांसाठी घड्याळासारखी तबकडी बनवली होती. काटा एकेक पाऊल सरकायचा, मधूनच दुप्पट उडी घ्यायचा. ती दिसली की कळ दाबायची. पहिला अर्धा तास संपतो न संपतो तोच उड्या जास्त निसटू लागल्या. हे १९४८ सालचं. निकाल वेळोवेळी सांगितला, तेव्हा ही घसरण थांबली.

तेव्हा परात घेऊन दोन तास बसू नका. अर्ध्या तासाने उठा. निवडलेल्यातले मूठभर दुसऱ्या कुणाला तरी पाहायला द्या. (सासूबाईंना द्यायचे का, ते तुमचं तुम्ही ठरवा!)

घरी आणून पापड लाटणाऱ्या, काजबटणं करणाऱ्या बायकांना तर हे फारच महत्त्वाचं. माल परत आला की मजुरी गेली. शंभर झाल्यावर तपासून काय उपयोग? दर पंचवीसला थांबा. पापडाच्या मापाला डब्याचं झाकण ठेवा, काजांना पट्टी लावा.

आणि "आज काही उरकलंच नाही बाई" असं वाटलं, तर स्वतःला बोल लावण्याआधी मोजा. कंटाळा आला म्हणजे काम कमी झालं, असं थोडंच आहे! भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचा आकडा टिपून ठेवा, महिन्याचा हिशेब करतानाही तो हाताशी राहील.