गोंदणकलेचे शिक्षण (जुन्नर व आंबेगाव परिसर)

गोंदणे म्हणजे सुईने त्वचेला टोचून तीत रंगद्रव्य भरणे व अंगावर कायमची आकृती उमटविणे होय. अशा आकृतीस गोंदण म्हणतात. हिंदीत गोदना हा शब्द रूढ असून शहरी मराठीत टॅटू हा शब्द प्रचलित झाला आहे. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील वयोवृद्ध स्त्रियांच्या कपाळावर, हनुवटीवर व हातांवर जुनी गोंदणे आजही दिसतात. ती गोंदणारे हात मात्र आता फारसे उरलेले नाहीत. प्रस्तुत लेखात ही कला परंपरेने कशी शिकली जात असे, ग्रंथांतून तिचा कोणता भाग हाती लागतो आणि आज ती कशी शिकली जाते, याची माहिती दिली आहे.

परिसर

दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या डोंगररांगांत मोडतो. कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या उगमाकडील खोऱ्यांत महादेव कोळी, ठाकर व कातकरी या जमातींची वस्ती आहे, तर पूर्वेकडील सपाट भाग बागायती शेतीचा आहे. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, घोडेगाव व मंचर ही येथील मोठी गावे होत. ओतूरला श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराची आणि भीमाशंकरला महाशिवरात्रीची यात्रा भरते. महाराष्ट्रात इतरत्र होते त्याप्रमाणे येथेही गोंदवून घेण्याची ठिकाणे म्हणजे घराची ओसरी, आठवडी बाजार आणि यात्रा ही होती.

परंपरेतील शिक्षण

गोंदण्याचे काम प्रामुख्याने स्त्रिया करीत व गोंदवून घेणाऱ्याही बहुधा स्त्रियाच असत. गोंदणाऱ्या स्त्रिया पुष्कळदा भटक्या समाजांतील असून त्या गावोगाव हिंडत. दक्षिण भारतात कोरवा, तर मध्य भारतात बादी व ओझा समाजांतील स्त्रियांचा हा व्यवसाय होता. मोबदला धान्य, जुनी लुगडी किंवा थोडे पैसे असा मिळे.

या कलेची वेगळी शाळा नव्हती. मुलगी आई, आजी किंवा सासूबरोबर हिंडे. आरंभी काजळी धरणे, सुया बांधणे, गोंदवून घेणाऱ्या मुलीचा हात धरून ठेवणे आणि वेदनेवरून तिचे लक्ष उडावे म्हणून गाणे म्हणणे, अशी कामे ती करी. नंतर साधे ठिपके व शेवटी पूर्ण आकृती तिच्या हाती दिली जाई. पाहणे, मदत करणे व स्वतः करणे या तीन पायऱ्यांनी हे शिक्षण पुरे होत असे. चूक झाली तर ती दुसऱ्याच्या अंगावर जन्मभर राहणार, ही जाणीव शिकणारीला पहिल्या दिवसापासून असे.

साहित्य व कृती

दिव्याची काजळी पाण्यात किंवा दुधात कालवून काळा रंग केला जाई. मध्य प्रदेशातील बैगा स्त्रियांच्या गोंदणासाठी रामतिळाच्या तेलाची काजळी वापरतात. हेच तेलबी सह्याद्रीच्या पट्ट्यात खुरासणी किंवा कारळे म्हणून ओळखले जाते. दोन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधून, त्वचा ताणून धरून, एकसारखे टोचे मारले जात. काम झाल्यावर त्या जागी हळद लावीत.

त्वचेचा वरचा थर सतत झिजून नवा होतो. त्यामुळे रंग त्याच थरात राहिला तर काही आठवड्यांत निघून जातो. तो खालच्या थरात, म्हणजे सुमारे १ ते २ मिलिमीटर खोलीवर पोहोचला तरच टिकतो. सुई याहून खोल गेली तर रक्तस्राव वाढतो आणि रेषा फुटते. काळी काजळी त्वचेखालून हिरवट-निळी दिसते, हा प्रकाशाच्या विखुरण्याचा परिणाम आहे. योग्य खोलीचा अंदाज सुईला होणाऱ्या विरोधावरून बोटांना येतो. हा अंदाज हेच या कलेचे मर्म होय.

नमुने

महाराष्ट्रात तुळशीवृंदावन, कमळ, सीतेची पावले, विंचू, चांदणी, मारुती, देवदेवतांची किंवा आप्तांची नावे आणि ठिपक्यांच्या रचना हे नमुने आढळतात. कपाळावरील व हनुवटीवरील ठिपके सौंदर्यासाठी तसेच दृष्ट लागू नये म्हणून गोंदवीत. दागिने मृत्यूनंतर मागे राहतात, गोंदण तेवढे बरोबर येते, अशी श्रद्धा अनेक समाजांत आहे.

ग्रंथांतील नोंदी

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्यावरील खंड १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जिल्ह्यातील जातीजमातींचे वेश, अलंकार व चालीरीती यांची वर्णने आहेत. एडगर थर्स्टन यांचा दक्षिण भारतावरील ग्रंथ (१९०९) आणि रसेल व हिरालाल यांचा मध्य प्रांतावरील ग्रंथ (१९१६) यांत गोंदणाची माहिती मिळते. सह्याद्रीतील ठाकरांवर ल. ना. चापेकर यांचा इंग्रजी ग्रंथ १९६० साली निघाला. जुन्नर तालुक्यातील निमगिरीचे डॉ. गोविंद गारे यांनी महादेव कोळी जमातीवर मराठीत विस्ताराने लिहिले. पुण्यातील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत ग्रंथालय व संग्रहालय आहे.

या प्रकारच्या लेखनातून नमुन्यांची नावे, आकृती आणि त्यांमागील श्रद्धा कळतात. सुई किती दाबावी, त्वचा कोणत्या बाजूस ताणावी आणि म्हाताऱ्या व तरुण त्वचेत हात कसा बदलावा, हे मात्र केवळ वर्णनावरून साधत नाही.

यंत्र, चित्रफिती व स्टुडिओ

विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचे पेटंट न्यूयॉर्क येथे सॅम्युअल ओरायली यांनी १८९१ मध्ये घेतले. पुढे यंत्राच्या लहान आवृत्त्या भारतातील यात्रांतूनही दिसू लागल्या. यंत्रामुळे काम जलद झाले, परंतु नमुने छापील तक्त्यांवरून घेतले जाऊ लागले.

आजचे तरुण पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत उमेदवारी करून किंवा मोबाइलवरील चित्रफिती पाहून शिकतात. सराव प्रथम कागदावर आणि नंतर कृत्रिम त्वचेवर किंवा फळांच्या सालीवर केला जातो. चित्रफितीत हाताची हालचाल दिसते. सुईला होणारा विरोध तीत जाणवत नाही व चूक सांगणारेही कोणी नसते. त्यामुळे स्वशिक्षित व्यक्तीलाही बहुधा अनुभवी गुरूकडे बसावे लागते.

अशा गुरुपरंपरेचे प्रसिद्ध उदाहरण फिलिपिन्समधील कलिंगा प्रांतात आढळते. १९१७ साली जन्मलेल्या वांग-ओद यांनी काट्याने गोंदण्याची कला आपल्या घराण्यातील नातींना शिकविली. मणिपूरचे कलावंत मो नागा यांनी नागा जमातींतील वृद्धांच्या अंगावरील नमुन्यांचा व त्यांच्या अर्थांचा अभ्यास करून ते आधुनिक गोंदणात आणले.

आरोग्य व नियम

एकच सुई अनेकांना वापरल्यास कावीळ ब, कावीळ क व एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. गर्दीच्या यात्रांत हा धोका विशेष असतो. प्रत्येकासाठी नवी, निर्जंतुक सुई, स्वतंत्र रंगपात्र व हातमोजे हे या शिक्षणाचे आवश्यक अंग आहे. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या निकषांनुसार गोंदवून घेतल्यानंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही.

भारतीय सैन्याच्या भरतीत कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतील बाजूस व हाताच्या तळव्याच्या मागील बाजूस असलेले गोंदण सामान्यतः चालते. रूढीनुसार गोंदणाची प्रथा असलेल्या अनुसूचित जमातींच्या उमेदवारांना याबाबत सवलत आहे.

जतन

गोंदण ज्या देहावर असते त्याच्याबरोबरच ते नष्ट होते. म्हणून वृद्ध स्त्रियांच्या अंगावरील नमुन्यांची नोंद त्यांच्या हयातीतच होणे महत्त्वाचे ठरते. छायाचित्राने आकृती टिकते. ती कोणी, कोठे, कोणत्या वयात, कशाने गोंदली आणि त्या वेळी कोणते गाणे म्हटले गेले, ही माहिती त्या स्त्रीच्या संमतीने तिच्याच तोंडून घ्यावी लागते. गोंदण्याचे कसब मात्र नोंदींपेक्षा, एका हाताने दुसऱ्या हाताला शिकविल्यानेच पुढे जाते.