नवी टाकी, गोल्डफिश आणि पहिले सहा आठवडे

काचेच्या टाकीत गोल्डफिश ठेवण्याची हौस आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. दवाखान्याची बैठक, कापडाचे दुकान, सलून, हॉटेल, घराचा दर्शनी कोपरा, अशा जागांसाठी लहान गावांतूनही टाकीची मागणी होते. या मागणीने अनेकांच्या हाताला काम मिळते. काच कापणारा आणि फ्रेम बनविणारा टाकी जोडतो, वेल्डर किंवा सुतार स्टँड करतो, वायरमन पंप आणि दिवा बसवितो, दुकानदार मासे आणि खाद्य विकतो. परंतु या धंद्यात एक तक्रार नेहमीची आहे. टाकी घेतली, मासे सोडले आणि पंधरा-वीस दिवसांत सगळे मेले! ग्राहक दुकानदाराला दोष देतो, दुकानदार घाऊक व्यापाऱ्याला, आणि घाऊक व्यापारी प्रवासाला. वास्तविक मासा पुष्कळदा निरोगीच असतो. त्याला मारते ती नवी, स्वच्छ, चकचकीत टाकी. हे कसे घडते आणि पाणी बदलणे व खाद्य देणे या दोनच गोष्टी सांभाळून ते कसे टाळता येते, हे व्यापारी व कारागीर बंधूंनी समजून घेतले पाहिजे.

चुडाव्याच्या दुकानदाराची अडचण

चुडावा हे परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील, पूर्णा-नांदेड लोहमार्गावरील स्टेशनाचे गाव. शोभेच्या माशांची मोठी बाजारपेठ अशा ठिकाणाहून फार दूर असते. मुंबईतील कुर्ला आणि क्रॉफर्ड मार्केट, चेन्नईचे कोळत्तूर, कोलकाता ही या मालाची मोठी केंद्रे. तेथून मासा ऑक्सिजन भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन-चार हात बदलत मराठवाड्यात येतो. मुंबईचा दुकानदार मेलेला मासा दुसऱ्या दिवशी बदलून देऊ शकतो. चुडाव्यात किंवा पूर्ण्यात बसून धंदा करणाऱ्याला त्यासाठी पुन्हा नांदेडची किंवा परभणीची फेरी पडते. एका ग्राहकाला दोनदा मासे बदलून दिले की टाकीवर मिळालेला नफा गेला. बदलून न द्यावेत तर गिऱ्हाईक गेले, आणि लहान गावात एक गिऱ्हाईक गेले म्हणजे त्याची आळी गेली. म्हणून पहिल्या सहा आठवड्यांचे ज्ञान लहान गावच्या दुकानदाराला शहरापेक्षा अधिक गरजेचे आहे.

मासा मरतो कशाने?

मासा खातो त्यातील प्रथिनांचा निरुपयोगी भाग तो मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतो. न खाल्लेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत किंवा तळ्यात तो पसरून जातो. साठ लिटरच्या टाकीत तो जाणार कोठे? तो साचतो, कल्ले जाळतो आणि माशाचा श्वास कोंडतो.

जुन्या टाकीत हे होत नाही, कारण तेथे सूक्ष्म जीवाणूंची वस्ती असते. जीवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्राइटही विषारीच आहे. ते रक्तात शिरून रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती घटविते. नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणापर्यंत माशाला सोसते. हा शोध जुना आहे. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास मातीतील हे जीवाणू वेगळे करून दाखविले.

आपल्या शेतकरी बंधूंना हा प्रकार नवा नाही. कपाशीला दिलेल्या युरियाचा जमिनीत आधी अमोनिया होतो आणि मग त्याच जातकुळीचे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात. शेतात ही वस्ती पूर्वीपासून असते. नव्या टाकीत ती शून्यापासून वसवावी लागते आणि त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत अमोनिया चढतो. तो उतरू लागला की नायट्राइट चढते. शेवटी दोन्ही शून्यावर येतात आणि केवळ नायट्रेट वाढताना दिसते. तेव्हा टाकी तयार झाली असे समजावे. थंडीत हे काम मंदावते, कोमट पाण्यात लवकर होते.

भूक नव्हे, श्वास

नव्या टाकीत सर्वांत मोठा घात खाद्याने होतो. अमोनियाने कल्ले दुखावलेला मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करतो. घरच्या मंडळींना वाटते, बिचारा भुकेला आहे. मग आणखी एक चिमूट खाद्य पडते. त्याचा आणखी अमोनिया होतो, मासा आणखी तोंड उघडतो, आणि मुले आणखी खाद्य टाकतात!

हिशेब करून पाहू. खाद्यात ३५ टक्के प्रथिने धरली तर १ ग्रॅम खाद्यात ३५० मिलिग्रॅम प्रथिने असतात. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे ५६ मिलिग्रॅम. तो सगळा अमोनियाच्या रूपाने साठ लिटर पाण्यात उतरला तर लिटरमागे जवळपास १ मिलिग्रॅम होतो. नव्या टाकीत अर्ध्या मिलिग्रॅमलाच सावध व्हावे लागते. म्हणजे एका ग्रॅमचा निम्मा भाग जरी पाण्यात उतरला तरी धोक्याची रेषा गाठली जाते.

उलट माशाची गरज किती? सुमारे तीन ग्रॅम वजनाचे दोन लहान गोल्डफिश असतील तर वजनाच्या दोन टक्के म्हणजे दोघांना मिळून दिवसाला जेमतेम ०.१२ ग्रॅम. आपली एक चिमूट याच्या कितीतरी पट भरते. दुकानदाराने एकदा ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर १ ग्रॅम खाद्य तोलावे, त्यातील दाणे मोजावेत आणि दिवसाला किती दाणे द्यायचे हे ग्राहकाला आकड्यात सांगावे. "थोडेसे द्या" या सांगण्याला काही अर्थ नाही.

पहिल्या सहा आठवड्यांत दिवसातून एकदाच, एक-दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. आठवड्यातून एक-दोन दिवस काहीच देऊ नये. अमोनिया किंवा नायट्राइट चढलेले असेल त्या दिवशीही उपास. निरोगी गोल्डफिश काही दिवस सहज उपाशी राहू शकतो. घाऊक व्यापारी पिशवीत भरण्यापूर्वी माशाला मुद्दाम उपाशी ठेवतात, ते पिशवीतील पाणी नासू नये म्हणूनच. जो नियम पिशवीला, तोच नव्या टाकीला. तळाशी उरलेले खाद्य नळीने ओढून काढावे.

पाणी किती आणि केव्हा बदलावे?

येथे दोन टोकाच्या चुका होतात. काहीजण महिनाभर पाण्याला हात लावत नाहीत. पाणी बदलले तर जीवाणू निघून जातील, असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. काहीजण उलट दर रविवारी मासे बादलीत काढून टाकी, खडे आणि फिल्टर नळाखाली घासून लख्ख करतात.

खरी गोष्ट अशी की हे जीवाणू पाण्यात फारसे राहत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजाला, खड्यांना आणि काचेला चिकटून राहतात. म्हणून थोडे थोडे पाणी बदलल्याने काही बिघडत नाही, उलट विष पातळ होते. घासून धुतल्याने मात्र वस्तीच उठते. स्पंज फार भरला तर टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलका पिळून घ्यावा.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकीत वरचा भाग रिकामा ठेवला तर सुमारे साठ लिटर पाणी राहते. अशा टाकीत सुरुवातीला दोनच लहान मासे सोडावेत. ते वाढले की मोठी टाकी लागेल, हेही सांगावे. पंधरा लिटरची एक बादली म्हणजे या टाकीचे पाव पाणी. थेंब टाकून रंग पाहण्याचे टेस्ट किट मिळते, ते दुकानात एक तरी ठेवावेच. आकडे पुढीलप्रमाणे वापरावेत.

१) अमोनिया लिटरमागे ०.२५ मिलिग्रॅमपर्यंत असेल तर तिसऱ्या दिवशी एक बादली बदलावी.

२) ०.५ च्या आसपास असेल तर त्याच दिवशी एक बादली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी.

३) १ किंवा अधिक असेल तर दोन बादल्या, खाद्य बंद, आणि उतरेपर्यंत रोज पाणी बदलणे.

४) किट नसेल तर पहिले तीन-चार आठवडे एक दिवसाआड एक बादली. मासा वर येऊन धापा टाकू लागला तर लगेच दोन.

एक बादली बदलल्याने १ चा आकडा ०.७५ होतो, दुसऱ्या दिवशी ०.५६, तिसऱ्या दिवशी ०.४२. तोही मध्ये खाद्य पडले नाही तर! म्हणून पाणी बदलणे आणि हात आखडणे दोन्ही बरोबर चालले पाहिजे. नायट्राइट चढले तर लिटरमागे १ ग्रॅम खडे मीठ विरघळवून टाकल्याने माशाला संरक्षण मिळते. साठ लिटरला साठ ग्रॅम. मीठ उडून जात नाही, म्हणून नंतर बदललेल्या प्रत्येक बादलीमागे १५ ग्रॅमच टाकावे.

आपल्या बोअरच्या पाण्याचा स्वभाव

परभणी जिल्हा काळ्या बेसॉल्ट खडकावर वसलेला आहे. येथील विहिरी-बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि त्याचा सामू ७ च्या वर असतो. याचा एक फायदा आहे. जीवाणूंना आपले काम करताना पाण्यातील क्षार लागतात आणि ते येथे भरपूर मिळतात. तोटाही आहे. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपासच भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांवर जातो, म्हणजे सुमारे नऊपट. तापमान ३० अंशांवर गेले की सात टक्क्यांहून अधिक. म्हणून दुसरीकडे चालून जाणारा ०.५ चा आकडा आपल्याकडे गंभीरपणे घ्यावा.

याच कारणाने पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचून सामू उतरलेला असतो, त्यामुळे अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडून ठेवली की सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून तापमान सारखे करावे, मग उघडून मासा जाळीने अलगद टाकीत सोडावा.

बोअरचे ताजे पाणी रात्रभर उघड्या टबात ठेवून मगच वापरावे. ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल पावडरीचा क्लोरीन असतो; तो मासा आणि जीवाणू दोघांचाही शत्रू. तेही पाणी चोवीस तास उघडे ठेवावे, किंवा क्लोरीन घालविणारे औषध वापरावे. पूर्वी फोटो स्टुडिओत ज्याला हायपो म्हणत, तेच द्रव्य या कामी येते. शेतीभागातील उथळ विहिरीत नायट्रेट आधीच असू शकते, म्हणून वापरण्यापूर्वी ते पाणीही एकदा तपासावे.

विरजण लावलेला स्पंज

दूध नुसते ठेवले तर नासते, विरजण लावले तर दही होते. टाकीचेही तसेच आहे. निरोगी जुन्या टाकीत चाललेल्या फिल्टरचा स्पंज नव्या टाकीत लावला तर सहा आठवड्यांचे काम पुष्कळ लवकर होते. दुकानदाराने आपल्या मोठ्या टाकीत चार-पाच जादा स्पंज सतत चालू ठेवावेत आणि प्रत्येक नव्या टाकीबरोबर एक द्यावा. तो टाकीच्याच पाण्यात ओला ठेवून न्यावा. वाळला तर जीवाणू मेले. आजारी माशांच्या टाकीतील स्पंज मात्र कधीही देऊ नये.

दुसरा मार्ग मासे न सोडता टाकी तयार करण्याचा. भांड्यांना कल्हई करणाऱ्या कारागिरांच्या ओळखीचा नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. बाजारातला नवसागर अशुद्ध असू शकतो, म्हणून प्रयोगशाळेत वापरतात तो शुद्ध घ्यावा. साठ लिटर पाण्यात सुमारे ०.४ ग्रॅम टाकला की लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. फिल्टर चालू ठेवावा, अमोनिया उतरला की पुन्हा तेवढाच टाकावा. टाकलेला अमोनिया एका दिवसात शून्य होऊ लागला आणि नायट्राइटही शून्य राहिले, की बरेचसे पाणी बदलून मासे आणावेत. मासे असलेल्या टाकीत नवसागर कदापि टाकू नये.

उन्हाळा आणि वीज

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाणी तापते आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. मासा आणि जीवाणू दोघांनाही तो लागतो. वीज गेली की पंप थांबतो आणि स्पंजातील जीवाणू गुदमरू लागतात. बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ ठेवावा. तो नसेल तर मग्याने टाकीतले पाणी उंचावरून टाकीतच ओतत राहावे. टाकी उन्हात ठेवू नये. नवी टाकी शक्यतो एप्रिल-मे महिन्यांत सुरू करण्याचे टाळावे.

व्यवहार चोख असावा

एकाच दिवशी टाकी, सहा मासे आणि खाद्याचा डबा विकला की गल्ला भरतो खरा, पण मासे मेल्यावर तो ग्राहक पुन्हा येत नाही आणि त्याची टाकी माळ्यावर जाते. आज टाकी, फिल्टर आणि विरजणाचा स्पंज द्यावा. पाणी आठ दिवस चालवून पाहायला सांगून मग दोनच मासे द्यावेत, आणि पाण्याचा नमुना घेऊन येणाऱ्याला दुकानातील किटवर तपासून द्यावे. खाद्याचे दाणे किती, बादल्या किती, हे एका चिठ्ठीवर लिहून द्यावे. असे केल्याने पहिल्या दिवसाची विक्री थोडी कमी होईल. पण मासे जगले तर खाद्य, औषध, मोठी टाकी, नवे मासे यांसाठी तोच ग्राहक वर्षानुवर्षे येईल आणि सोबत शेजाऱ्यालाही आणील. मालातली अडचण आधी सांगून विकणाऱ्याचा धंदा लहान गावात अधिक टिकतो.